तीन फुलांचं तेल

आमच्या घरात दागिने, जमीन असलं काही वारशानं आलं नाही. नाक तेवढं आलं. बाबांचं त्यांच्या वडिलांकडून आणि माझं बाबांकडून. बाहेरून दिसायला बरं, सरळ. आतून सारखं चोंदलेलं. थंडी पडली की इतरांच्या घरी स्वेटर निघतात, आमच्याकडे पितळेचं पातेलं निघायचं.

वाफारा घ्यायची आमची एक रीत होती. आई पाणी खळखळून उकळायची, पातेलं जमिनीवर जाड फडक्यावर ठेवायची आणि त्यात निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब सोडायची. "दोनच हं, डोळे जातील," हे वाक्य त्या थेंबांबरोबरच पडायचं. बाबा आणि मी समोरासमोर मांडी घालून बसायचो आणि आई वरून एक जुनी पांढरी चादर टाकायची. एकच चादर, दोघांवर. पातेल्याचे कान बाबांनी धरलेले असायचे.

चादर पडली की बाहेरचं आमचं खांदेश्वर संपायचं. खालच्या रिक्षा, शेजारचा टीव्ही, जिन्यातली भांडणं, सगळं कुठेतरी लांब राहायचं. आत नुसतं पांढरं. बाबांचं तोंड वाफेत यायचं आणि जायचं. ते न्हावा शेव्याला एका मालवाहतुकीच्या ऑफिसात कारकून होते. समोर बोटी लागायच्या, पण त्यांना बोटीपेक्षा बोटीची कागदपत्रंच जास्त दिसायची. चादरीखाली मात्र ते कप्तान व्हायचे. "धुकं पडलंय बाय," म्हणायचे, "बोट हळू घ्यायला हवी." मी डोळे मिटून बोट हळू घ्यायचे. निलगिरीचा तो तिखट, हिरवा वास कपाळात चढायचा आणि मग एकदम, दार किलकिलं व्हावं तशी एक नाकपुडी सुटायची.

"उजवी उघडली!" मी ओरडायचे.

"माझी डावी," बाबा म्हणायचे. "दोघांत मिळून एक अख्खं नाक झालं. चल, आता दाढदुखी असलेला कुणी शोधू."

हा विनोद मला अजून कळलेला नाही, पण तेव्हा हसून हसून चादर सुटायची आणि आई रागवायची. मला ते दिवस आठवतात तेव्हा त्यांना कडा नसतात. कुठली थंडी, कुठलं वर्ष, काही सांगता येत नाही. सगळ्या थंड्यांची मिळून एकच लांबलचक पांढरी सकाळ झाली आहे, आणि तिच्या मध्यभागी एक पातेलं आहे.

आता गंमत अशी, की चोंदलेलं नसेल तेव्हा बाबांचं नाक भलतंच तयार असायचं. कामावरून आले की ते बेल वाजवायचे नाहीत. दाराबाहेर उभे राहायचे, एक श्वास घ्यायचे आणि बाहेरूनच ओरडायचे, "बिरडं! पण नारळ जुना निघाला काय गो?" आतून आई, "तुमचं नाक आहे का पोलिसाचं कुत्रं!" आणि मग दार उघडायचं. दार उघडताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. दिवसभर ओट्याशी उभी राहिलेली बाई त्या एका क्षणासाठी सजल्यासारखी दिसायची.

त्या दोघांत याहून वेगळं गोड बोलणं मी कधी ऐकलं नाही. वाढदिवस त्यांना एकमेकांचे आठवत नाहीत. लग्नाच्या वाढदिवसाला बाबांनी एकदा आईला प्रेशर कुकरची नवी रिंग आणून दिली होती. पण दारातली ती हाक बाबा रिटायर झाल्यावरही थांबली नाही. ते रोज संध्याकाळी मुद्दाम तलावापर्यंत फिरायला जायचे. मला तर वाटतं, परत येऊन दारात उभं राहता यावं म्हणूनच जायचे.

मागच्याच्या मागच्या थंडीत ते सर्दीनं झोपले. नेहमीचंच, असं आम्ही धरून चाललो. आमच्याकडे समोरचे डोंगर फोडायचं काम चालू असतं, बांधकामांची धूळ तर पाचवीलाच पुजलेली. खिडकीच्या कठड्यावर बोटानं नाव लिहावं एवढी. पातेलं निघालं, निलगिरी निघाली. सर्दी गेली. श्वास मोकळा झाला. बाबा फिरायलाही जाऊ लागले.

पहिल्या दिवशी ते परत आले तेव्हा आई बांगडे तळत होती. खालच्या मजल्यावरच्या मांजरालासुद्धा ते कळलं होतं. बाबांनी बेल वाजवली. आत आले, चपला काढल्या, पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "आज काय केलंयस?"

आमच्या घरात हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा विचारला गेला.

आईला आधी वाटलं, रागावलेत. मग वाटलं, म्हातारपण. दोनतीन दिवसांनी तिनं उघड्या कापराची डबी त्यांच्या नाकाखाली धरली आणि विचारलं, "हे काय?" बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं डबीचं झाकण लावलं आणि ती देवघरात गेली.

त्यानंतर आई हळूहळू बंद पडली. दुसरा शब्द मला सुचत नाही. भांडली नाही, रडली नाही. नुसता स्वयंपाक करायची. कुकर लावायची, वरण घोटायची, ताटं वाढायची. "काय करू आज?" असं तिनं विचारलं की बाबा म्हणायचे, "कायपण कर." हे 'कायपण' आमच्या घरात रोज शिजायला लागलं आणि त्याला कशाचीच चव नव्हती. मला बाबांचं नाक बरं व्हायला हवं होतं, हे खरंच. पण त्याहून जास्त मला माझी आई परत हवी होती. ती ओट्याशी उभी असायची आणि तिथे नसायची.

पनवेलच्या नाकाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं. सायनस सुजलेत, म्हणाले. फवारा दिला, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं, रोज लवंग, लिंबू असे ओळखीचे वास हुंगायचा सराव सांगितला. वास परत येईल, पण कधी ते सांगता येत नाही, आणि नाहीच आला तर मनाची तयारी ठेवा. आईनं शेवटी न राहवून विचारलं, "आणि आमचं तेल?"

तेल म्हणजे आईचं तीन फुलांचं तेल. डॉक्टर हसले. चांगले होते. "लावा की आजी, बरं वाटेल. पोटात घेऊ नका आणि तान्ह्या पोरांजवळ नेऊ नका. पण खरं सांगू? त्यानं नाक उघडत नाही, उघडल्यासारखं वाटतं. गार लागतं ना, म्हणून."

रिक्षात बसल्यावर आईनं पदर सावरला. मग म्हणाली, "वाटलं तर वाटलं. काय बिघडलं?"

पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि भीमसेनी कापूर. नावाला फुलं, खरं म्हणजे तिन्ही कोरडे, पांढरे खडे. पनवेलच्या काष्ठौषधीच्या दुकानातून पुड्या मी आणायचे. आई ते खडे काचेच्या बाटलीत घालून, बूच लावून, गॅलरीत उन्हाच्या कडेला ठेवायची. पाणी नाही, आच नाही, काही नाही. आणि तरी बघता बघता खड्यांच्या कडा ओल्या व्हायच्या, ते एकमेकांवर रेलायचे आणि थोड्या वेळानं बाटलीत नुसतं पाण्यासारखं तेल उरायचं. किती वेळा मी त्या बाटलीसमोर हनुवटी टेकून बसले आहे. नेमकं कधी विरघळतं ते मला आजवर दिसलेलं नाही. डोळा लवतो आणि ते झालेलं असतं.

"ह्यात घालतेस काय गं तू?" मी लहानपणी विचारलं होतं.

"काही नाही. जवळ ठेवली की सुटतात."

त्या थंडीत आईनं नवी बाटली केली. रोज सकाळी ती बाबांच्या रुमालाच्या टोकाला थेंबभर तेल लावायची आणि वर गाठ मारायची, म्हणजे दिवसभर टिकतं. बाबा गाठ नाकाशी धरून गॅलरीत बसायचे. समोर सकाळचं धुरकट ऊन, लांब कुठेतरी बंदराकडे निघालेल्या ट्रेलरची घरघर. ते काय हुंगत होते कुणास ठाऊक. पण रुमाल त्यांनी सोडला नाही.

आणि मग एका संध्याकाळी दाराबाहेरून आवाज आला, "मेथी!"

मी ऐरोलीच्या ऑफिसातून नुकतीच आले होते, हातात पाण्याचा ग्लास होता. आईचा कालथा कढईत थांबला. मग आई म्हणाली, "आलं हो आलं पोलिसाचं कुत्रं!" आणि दार उघडायला धावली. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखणारी, धावली.

त्यानंतरचे आठवडे माझ्या आठवणीत उन्हात ठेवलेल्या बाटलीसारखे आहेत. सगळं सैल होत गेलं. बाबा रोज दारातून ओळखायचे. दुधी, गवार, कोलंबी. आई पुन्हा सकाळी बाजारात जाऊन भाजीवाल्याशी हुज्जत घालायला लागली. तेलाची कीर्ती सोसायटीभर झाली. "काकू, तुमचं ते तेल द्या ना, आमच्या ह्यांचा सायनस फार टेन्शन देतो," म्हणत बायका यायच्या आणि आई छोट्या बाटल्या भरून द्यायची, वर दम द्यायची, "रुमालालाच हं, पोटात नाय." आणि एक बदल मला तेव्हा नुसता दिसला, कळला नाही: ती हल्ली जरा जास्तच निवडायच्या, सोलायच्या भाज्या आणायची. केळफूल, फणस, अळू. दुपारच्या दुपार सोलत बसायची, गुणगुणत.

अशीच एक बाटली द्यायला मी एका शनिवारी चौथ्या मजल्यावर गेले होते. उतरताना जिन्याच्या वळणावरून आमचं दार दिसतं. बाबा फिरून आले होते. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याची हिरवी बादली संध्याकाळी दाराबाहेर ठेवायची असते, मग बाई येऊन घेऊन जाते. बाबांनी इकडेतिकडे बघितलं, वाकले, दोन बोटांनी बादलीचं झाकण उचललं. आत डोकावले. झाकण ठेवलं, सदऱ्याला हात पुसले, ताठ उभे राहिले आणि खिशातला रुमाल काढून त्याची गाठ नाकाशी धरली. मग म्हणाले, "केळफूल! दुपार गेली असेल सोलण्यात."

माझा पारा चढला. मी मुळातच तापट, त्यात एवढ्या बाटल्या वाटून आलेली. वाटलं, खाली जावं आणि दोघांसमोर बादली उपडी करावी. तेवढ्यात आतून आईचं हसू ऐकू आलं. मी तिथेच पायरीवर बसले. हातातली रिकामी पिशवी घडी घालत, उलगडत, पुन्हा घडी घालत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पातेलं चढवलं. बाबांसमोर मांडी घालून बसले आणि चादर स्वतःच ओढून घेतली. माझेही केस आता पांढरे व्हायला लागलेत, गुडघे माझेही कुरकुरतात. पण आत शिरलं की तेच पांढरं. बाबांचं तोंड आलं, गेलं.

"बाबा, बादली," मी हळूच म्हटलं.

बाबांनी पातेल्याचे कान घट्ट धरले.

"बघितलंस काय?"

"हो."

"आईला बोलू नको."

"वास अजिबात येत नाही?"

"गार लागतं. तिच्या तेलानं गार लागतं, पार कपाळापर्यंत जातं. मग वाटतं, आता येईल, आता येईल." त्यांनी मान हलवली. "येत नाय बाय. पण ती किती गप्प झालेली, बघितलंस ना तू? मला भाजीचा वास नको, काय नको. दारात ती बोलते तेवढं बस."

मी रडले. वाफेत रडायचा एक फायदा असतो, पुसावं लागत नाही. बाहेर आई ओरडत होती, "पुरे आता, डोळे जातील!"

झालं, एक गुपित पोटात आलं. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पुढच्याच आठवड्यात मी घरून काम करत होते. चहा करायला स्वयंपाकघरात गेले तर आई खाली बसून ओल्या कचऱ्याची बादली आवरत होती. दुपारचा चहाचा चोथा तिनं तळाशी घातला. वर वांग्यांची देठं मांडली, हिरवी टोपी वरच्या बाजूला येईल अशी. शेजारी नारळाची करवंटी उभी केली. जरा मागे होऊन बघितलं, एक देठ हलवलं. रांगोळी काढताना बघते तशीच बघत होती. मग बादली बाहेर ठेवून आली, झाकण जरा तिरकं.

मी बघतच राहिले.

"काय बघतेस? चोथा वर पडला तर त्यांना काय दिसणार, कपाळ?"

"तुला माहीत आहे?"

"पयल्या दिवसापासून. मेथी म्हणाले ना? मेथी मी नुसती निवडून ठेवलेली, दुसऱ्या दिवसासाठी, काड्या बादलीत. कढईत बटाटा होता."

मला आठवलं. त्या रात्री आम्ही मेथी जेवलो होतो. "मग?"

"मग काय. बटाटा ठेवला झाकून, केली मेथी." तिनं हात धुतले, पदराला पुसले. "त्यांना बोलू नको हं. वाईट वाटेल."

आता माझ्या पोटात दोघांची दोन गुपितं. दोघंही दुसऱ्याला जपतात आणि मधल्यामधे माझा जीव जातो. ऑफिसात माणसांचे रुसवेफुगवे सांभाळायचा पगार तरी मिळतो. मी चिडले होते, हे खरं. पण त्या दिवसांत ट्रान्स-हार्बरच्या लोकलनं घरी येताना, खाडीवरचा धुरकटलेला उजेड बघताना मला उगाचच हसू यायचं. माझ्या म्हाताऱ्या आईबापांचं एका कचऱ्याच्या बादलीतून प्रकरण चालू होतं.

यंदाच्या जानेवारीत मी सर्दीनं हैराण होते. दोन्ही नाकपुड्या बंद, डोकं दगड. त्या संध्याकाळी ऑफिसातून येताना सोसायटीच्या फाटकाशी बाबा भेटले, तलावाहून परतत होते. हातात हात घालून जिना चढलो. लिफ्ट होती, पण त्यांना जिनाच लागतो. दार समोरून यायला हवं.

दारापाशी पोचलो आणि दोघंही थांबलो. हिरवी बादली रिकामी होती. धुऊन, उपडी घातलेली. कचरा नेणारी बाई त्या दिवशी लवकर येऊन गेली होती.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या नाकाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. आतून कढईचा आवाज येत होता, काहीतरी परतलं जात होतं. ते काय, हे ओळखायला त्या दारात दोघांत मिळून अर्धंही नाक नव्हतं.

त्यांनी रुमाल काढला. गाठ नाकाशी धरली, डोळे मिटले. इतका खोल श्वास घेतला की त्यांचे खांदे वर आले. मला वाटलं, येईल. देवा, आजच्या दिवस येऊ दे. ते काही वेळ तसेच उभे राहिले, जसे माझ्या लहानपणी धुक्यात बोट हळू घेत बसायचे तसे.

"काळ्या वाटाण्याची आमटी," बाबा म्हणाले.

कढईचा आवाज थांबला. काळे वाटाणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात. आदल्या रात्री ओट्यावर काही भिजत नव्हतं, ते मी बघितलं होतं. मेथीसारखी ती आयत्या वेळी करता येणार नव्हती, आणि हे बाबांना नाही तरी आईला नक्की माहीत होतं.

"बरोब्बर!" आई आतून ओरडली. "आलं हो आलं पोलिसाचं कुत्रं!"

दार उघडलं. ती आमच्याकडे न बघता परत ओट्याकडे गेली. आम्ही हातपाय धुतले, पानावर बसलो. तिनं भाकरी वाढली, कांदा वाढला आणि मग कढईतून डावानं वाढलं ते पिठलं. पिवळंधमक, वर लसणाची फोडणी.

बाबा ताटाकडे बघत राहिले. आई डाव धरून उभी. मला कुणाकडेच बघवेना.

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला. सावकाश चावला.

"आमटी फक्कड झालीये," ते म्हणाले.

आईनं डाव कढईत ठेवला. मग तिनं विचारलं, "वाटाणे शिजलेत ना नीट?"

"लोणी झालंय लोणी."

"अजून वाढू?"

"वाढ की."

तिनं वाढलं. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, फोडणीचा ठसका लागला. बाबा खाली मान घालून हसत होते, आणि हसताना त्यांनी खिशातून तो गाठीचा रुमाल काढून तिच्यापुढे धरला. मीही माझं ताट पुढे केलं.

"आई," मी म्हटलं, "मलापण आमटी."